‘क्वांटम लीप’ छापण्याआधी : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,



मी एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. सकाळचा पेपर वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही आणि रात्रीच्या बातम्या पाहिल्याशिवाय संपत नाही. अर्थसंकल्प मांडला गेला, महामार्गाचं लोकार्पण झालं, एखाद्या कंपनीचा नफा वाढला, एखाद्या जिल्ह्याचा निकाल चांगला लागला, की कुठे ना कुठे ‘क्वांटम लीप’ येतेच. कधी मथळ्यात, कधी चर्चेला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी, कधी मंत्र्यांच्या भाषणातून जशीच्या तशी उचललेली. कुणी ‘क्वांटम जंप’ म्हणतं. हे पत्र त्या एका शब्दप्रयोगाबद्दल आहे.

तो इंग्रजी आहे म्हणून मी हे लिहीत नाही. बजेट, बँक, स्टेशन हे शब्द आपण पचवलेच ना? माझं दुखणं वेगळं आहे. हा शब्द आला की बातमीत जे यायला हवं तेच नेमकं यायचं राहून जातं. वाचकाला वाटतं, काहीतरी फार मोठं घडलं. काय घडलं, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आधी या उडीचं मूळ गाव पाहू.

आमच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा आहे. बटण दाबलं की तो लगेच पिवळा होत नाही. पहिली काही मिनिटं गुलाबी-लालसर उजेड देतो, कारण तेव्हा आतला निऑन वायू तेवढा उजळलेला असतो. नळी तापत जाते, आतल्या सोडियमची वाफ होऊ लागते आणि मग तो पिवळाधमक रंग भरत येतो. मुलं तोवर स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण जुळवत असतात. अंधाऱ्या खोलीत सगळ्यांचे चेहरे, वह्या, शर्ट एकाच रंगाचे दिसायला लागले की मी त्यांना सांगते, तुम्ही आत्ता क्वांटम उड्यांच्या उजेडात बसला आहात.

सोडियमच्या अणूत सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याला ठराविक ऊर्जेच्या पातळ्यांवरच राहता येतं. जिन्याच्या पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मधल्या हवेत राहता येत नाही, तसं. दिव्यातल्या विजेमुळे तो वरच्या पातळीवर ढकलला जातो आणि खाली उतरताना त्या दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. रतीभर जास्त नाही, रतीभर कमी नाही. म्हणून त्या प्रकाशाची तरंगलांबी ठरलेली असते, सुमारे ५८९ नॅनोमीटर. पुण्यात मोजा, लंडनमध्ये मोजा, तेवढीच भरेल. स्वयंपाकघरातही हे दिसतं. मीठ घातलेलं वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो मिठातला सोडियम.

यातल्या दोन गोष्टींकडे आपलं लक्ष वेधते. मथळ्यातली ‘क्वांटम लीप’ नेहमी वरच जाते. अणूतली उडी वर जाते तशी खालीही येते, आणि उजेड मिळतो तो खाली येणाऱ्या उडीतून. दुसरी गोष्ट आकाराची. सोडियमच्या या एका उडीतून मिळणाऱ्या ऊर्जेने एक कप चहाचं पाणी उकळायचं म्हटलं, तर अशा उड्या लागतील जवळजवळ एकावर तेवीस शून्यं इतक्या. आकडा मी वर्गात मुलांकडून काढून घेते, फळ्यावर. शंभर मिलिलिटर पाणी, पंचवीस अंशांवरून शंभर अंशांपर्यंत. भागाकार संपला की वर्गात जरा शांतता होते, कारण ‘क्वांटम म्हणजे अवाढव्य’ असं मनात धरून आलेल्या मुलांच्या पुढ्यात नेमकं उलटं उत्तर असतं.

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, इंग्रजीत हा वाक्प्रचार आकारासाठी नाहीच. तो अचानकपणासाठी आहे. मधल्या टप्प्यांवर न थांबता एका अवस्थेतून थेट दुसऱ्या अवस्थेत जाणं, एवढाच त्याचा अर्थ. हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो मानते. ‘क्वांटम म्हणजे अतिसूक्ष्म, म्हणून तुमचं चुकलं’ एवढंच सांगून थांबणारे शिक्षक अर्धंच सांगतात. गेल्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजीत हा प्रयोग रूढ झाला तो या अचानकपणामुळेच. पण मग अचानकपणाचं तरी काय झालं, तेही पाहायला हवं. भौतिकशास्त्रातली ही एक फार सुंदर गोष्ट आहे आणि मराठीत ती क्वचितच सांगितली जाते.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी ऊर्जा सुट्या सुट्या पुडक्यांतून दिली-घेतली जाते असं गृहीत धरून आपलं सूत्र मांडलं. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी तोच विचार अणूत नेला आणि इलेक्ट्रॉन एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर ‘जातो’ असं म्हटलं. जाताना मध्ये कुठे असतो, याचं उत्तर त्यांच्या सिद्धान्तात नव्हतं. एर्विन श्रॉडिंगर यांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांनी १९२६ मध्ये आपलं तरंग-समीकरण मांडलं होतं आणि निसर्गात अशा आकस्मिक उड्या असाव्यात हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. त्याच वर्षी ते कोपनहेगनला बोर यांच्या घरी उतरले. दोघांचा वाद रेल्वे स्टेशनवरच सुरू झाला आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चालला. श्रॉडिंगर तापाने अंथरुणाला खिळले. मार्गरेट बोर त्यांची शुश्रूषा करत होत्या, चहा-खाणं आणून देत होत्या, आणि पलंगाच्या कडेला बसून नील्स बोर त्यांना पुन्हा पुन्हा उड्या पटवून देत होते. ही हकिगत तिथे हजर असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी नंतर लिहून ठेवली. श्रॉडिंगरना ते शेवटपर्यंत पटलं नाही. १९५२ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनंतरही, त्यांनी एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात लेख लिहिला, त्याचा विषयच होता, क्वांटम उड्या खरोखर असतात का?

१९८६ मध्ये सिअ‍ॅटल, हॅम्बुर्ग आणि बोल्डर इथल्या तीन गटांनी एकेकटा आयन विद्युतक्षेत्रात अडकवून त्याच्याकडे पाहिलं. तो चमकायचा, अचानक विझायचा, पुन्हा चमकायचा. उडी प्रत्यक्ष दिसली. वाद संपला असं वाटलं.

संपला नव्हता. २०१९ मध्ये येल विद्यापीठात झ्लात्को मिनेव्ह, मिशेल डेव्होरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवाहक विद्युतमंडलाचा एक कृत्रिम अणू घेऊन त्याच्यावर अखंड नजर ठेवली. त्यांना दिसलं ते असं : उडी केव्हा सुरू होईल हे आधी सांगता येत नाही, पण ती सुरू होण्याआधी एक खूण मिळते, नेहमी येणारे संकेत काही काळ थांबतात. आणि एकदा सुरू झाली की ती एका सलग, ठरलेल्या वाटेने जाते. इतकी ठरलेली, की त्यांनी ती अर्ध्या वाटेवर पकडली आणि अणूला मागे फिरवून मूळ पातळीवर आणलं. याच डेव्होरे यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांच्याबरोबर मिळालं, अशाच विद्युतमंडलांवरच्या त्यांच्या १९८० च्या दशकातल्या कामासाठी.

म्हणजे ज्या घटनेवरून हा वाक्प्रचार आला, तिच्याकडे पुरेशा बारकाईने पाहिलं तेव्हा तिथेही वाट सापडली. जे एका क्षणात झालं असं वाटत होतं त्याला सुरुवात होती, मध्य होता, परत फिरण्याची शक्यताही होती. पाहणाऱ्यांची साधनं तोवर अपुरी होती, म्हणून ती उडी दिसत होती.

तुमच्या पेशाशी याचा संबंध मला इथे दिसतो. शहर एका रात्रीत बदललं, शेती एका योजनेने पालटली, असं जेव्हा छापून येतं, तेव्हा बहुतेक वेळा मधली वाट कुणी पाहिलेली नसते. पाहणं हे वार्ताहराचं काम आहे. त्याला तालुक्याला पाठवलं, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवायला लावले, चार माणसांशी बोलायला लावलं, तर वाट दिसते. ‘क्वांटम लीप’ हा शब्द ते काम टाळायची मुभा देतो. माझा सगळा राग या मुभेवर आहे.

या शब्दाने इंग्रजी मुलखातही माणसांना फसवलं आहे. १९८४ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एक घरगुती संगणक गाजावाजा करून जाहीर केला. त्याचं नाव क्यू-एल. ही दोन अक्षरं ‘क्वांटम लीप’चीच. गिऱ्हाइकांनी पैसे भरले. यंत्र पूर्ण तयारच नव्हतं. हातात पडायला महिने गेले, आणि पहिल्या यंत्रांच्या आत सगळी आज्ञावली मावली नव्हती म्हणून तिचा एक भाग मागच्या बाजूला बाहेरून जोडून द्यावा लागला. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. तिथे नुकसान झालं ते पैशांचं आणि नावाचं.

उडीच्या भाषेची याहून फार मोठी किंमत एका देशाने मोजली आहे. १९५८ मध्ये माओंच्या चीनने ‘मोठी झेप’ जाहीर केली. पोलाद पंधरा वर्षांत ब्रिटनच्या पुढे न्यायचं, धान्य दुप्पट-तिप्पट करायचं. परसात भट्ट्या पेटल्या, त्यात घरची भांडीकुंडी वितळली. प्रत्येक कम्यून, म्हणजे सामुदायिक शेतीचा गट, शेजारच्या कम्यूनपेक्षा मोठा आकडा कळवू लागला. त्या ऑगस्टमध्ये ‘पीपल्स डेली’ या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात हूबेई प्रांतातल्या माचेंगच्या भातशेताचं छायाचित्र आलं. पीक इतकं दाट आलं आहे की त्याच्यावर मुलं उभी राहिली आहेत, असं त्यात दिसत होतं. अनेक शेतांतली रोपं उपटून एका शेतात खोचली होती आणि मुलांच्या पायांखाली बाक लपवलेला होता, हे पुढे उघड झालं. पण तोवर त्या फुगवलेल्या आकड्यांवरून सरकारी धान्यवसुली ठरली होती. शेतकऱ्यांच्या कणग्या रिकाम्या झाल्या. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं अन्नावाचून मेली. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की स्वातंत्र्यानंतरच्या भारतात उणिवा पुष्कळ असूनही असा दुष्काळ पडला नाही, याचं एक मोठं कारण म्हणजे इथली मोकळी वृत्तपत्रं. ती प्रश्न विचारतात, म्हणून सरकारला जाग येते. संपादकमहाशय, तुमच्या पेशाचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही. म्हणूनच तुमच्या पानावर बिनहिशेबी झेप दिसली की मला नुसता कंटाळा येत नाही, काळजी वाटते.

महाराष्ट्रात खरी मोठी मजल मारली गेलेली नाही असं कुठे आहे? एकच सांगते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याआधीच्या दोन वर्षांत त्या गावांत जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जाऊन पाहायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि आईबाप दवाखान्यात नेऊ शकत नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. निमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. त्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं साधन तिथेच तयार झालं होतं. अंक नीट मोजता येत नसले तरी दहा श्वासांना एक मणी सरकवता येतो. १९९७-९८ पर्यंत त्या गावांतला मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ही सेवा नव्हती. तिथे तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून आशाताईंच्या मार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा देशाच्या आरोग्य कार्यक्रमाचा भाग झाला.

आता हीच बातमी ‘गडचिरोलीची आरोग्यात क्वांटम लीप’ या मथळ्याखाली आली असती तर? ६२ गेलं असतं, २५.५ गेलं असतं, आरोग्यदूत गेल्या असत्या, मणी गेले असते. तुलनेची ४७ गावं तर नक्कीच गेली असती, आणि ती गेली की बदल या कामामुळेच झाला हे सांगायचा आधारच गेला. उरला असता नुसता जयजयकार, आणि जयजयकार वाचून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला त्यातलं काहीही करून पाहता आलं नसतं.

इथे कुणी मला ‘गरुडझेप’ किंवा ‘कायापालट’ सुचवील. तेही शब्द मथळ्यांत झिजलेलेच आहेत आणि एका झिजलेल्या शब्दाच्या जागी दुसरा बसवून माझं समाधान होणार नाही. मात्र उडीचा हिशेब ठेवायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, तिची आठवण करून देते. रामायणात सीतेच्या शोधात वानरसेना दक्षिणेच्या समुद्राशी येऊन थबकते. पुढे शंभर योजनं पाणी. तेव्हा अंगद प्रत्येकाला विचारतो, तू किती योजनं उडी मारशील? कुणी दहा म्हणतो, कुणी वीस, कुणी तीस. जांबवान म्हणतो, वय झालं, आता नव्वदपर्यंतच. अंगद म्हणतो, मी शंभर जाईन, पण परत येईन याची खात्री देत नाही. आणि तेवढ्यावर त्याला पाठवत नाहीत. केवढी नेटकी सभा आहे ही! अंतर ठाऊक आहे, प्रत्येकाची ताकद आकड्यात सांगितली आहे, परतीचाही विचार झाला आहे. त्यानंतर मग जांबवान हनुमानाला त्याच्या बळाची आठवण करून देतो. उडी सुरू झाल्यावरही वाटेत मैनाक आहे, सुरसा आहे, सिंहिका आहे. जिला हनुमानउडी म्हणून आपण अचाट पराक्रमाची उपमा बनवलं, तिच्या कथेत कुठून, कुठवर, कोण आणि कशासाठी हे सगळं आहे.

तर माझं मागणं एवढंच, की कुणी तुमच्या वार्ताहरापुढे ‘क्वांटम लीप’ म्हटलं तर त्याने तिथल्या तिथे विचारावं : कुठून, कुठवर, किती दिवसांत, आणि पैसे कोणाचे? बोलणाऱ्यापाशी उत्तर असेल तर ते उत्तर हीच बातमी आणि तोच मथळा. नसेल, तर तेही छापण्यासारखं आहे.

आता जे मला सगळ्यांत जास्त टोचतं त्याबद्दल. ‘क्वांटम’ या शब्दाला आपण जी झळाळी दिली आहे, तिच्यावर काही लोक पोट भरतात. बारावीतल्या एका मुलीने मध्यंतरी तिच्या आजीचा एक ‘रिपोर्ट’ मला आणून दाखवला. गावातल्या समाजमंदिरात तपासणी शिबिर होतं. आजीच्या मुठीत धातूची एक दांडी दिली, लॅपटॉपवर वय, उंची, वजन भरलं आणि मिनिटभरात कित्येक पानं छापून आली. हृदय, यकृत, मूत्रपिंड, हाडं, जीवनसत्त्वं, सगळ्यांचे आकडे, लाल-हिरव्या रंगांत. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ होतं. मूत्रपिंड नाजूक आहे असं सांगून तिथेच तिला भुकटीचे डबे विकले. म्हातारीने शेळी विकून ठेवलेल्या पैशांतून ते घेतले. मुलगी मला विचारत होती, “मॅडम, क्वांटम तर आपल्याला शिकवतात ना, मग हे खरं असेल ना?”

या प्रश्नामुळे मला त्या रात्री झोप लागली नाही. मुठीत धरलेल्या दांडीवरून मूत्रपिंडाची तब्येत सांगेल असं बोर, श्रॉडिंगर, हायझेनबर्ग यांच्या एकाही समीकरणात काही नाही. मूत्रपिंडासाठी रक्त आणि लघवी तपासावी लागते, ती सरकारी रुग्णालयात तपासून मिळते. पण आजीला हे कुणी सांगायचं? तिने टीव्हीवर, पेपरात ‘क्वांटम’ ऐकलं ते नेहमी अद्भुत, अफाट, डोळे दिपवणारं असंच. तोच अर्थ त्या विक्रेत्याने वापरला. शब्द फुगवणं आपल्याला निरुपद्रवी वाटतं. त्याचे पैसे समाजमंदिराच्या रांगेत उभी असलेली माणसं भरतात.

आणि हे बदलायची वेळ आत्ताच आहे, कारण खरं क्वांटम दाराशी आलं आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटांचे (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक) संगणक बनवायचे, उपग्रहामार्फत दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहन साधायचं, अशी उद्दिष्टं त्यात आहेत. त्यातल्या संवेदन आणि मापनाच्या कामाचं केंद्र पवईला, आयआयटी मुंबईत आहे. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं स्वतंत्र केंद्र चालतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा, कुलाब्याची टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली.

सहा. आकडा लहान आहे, आणि तो लहान आहे हे सांगूनही ती अभिमानाची बातमी होते. अतिवाहक मंडल, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळचं तापमान, टिचभर चिप, आणि सूक्ष्म लहरींनी तिच्याशी बोलणारी यंत्रणा, हे सगळं इथल्या माणसांनी जमवून आणलं. सहानंतर वीस, वीसनंतर पन्नास, असे टप्पे येतच राहतात. क्युबिट वाढले म्हणजे सगळं आलं असंही नाही, त्यांच्या चुका किती आणि ते किती वेळ टिकतात तेही पाहावं लागेल. मराठी वाचकाला हे टप्पे नीट समजावेत, असं मला मनापासून वाटतं. माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना याच कामात जायचं आहे. त्यांच्या आईबापांना, शेजाऱ्यांना त्यांचं काम काय आहे ते आपल्या भाषेतल्या पेपरात वाचायला मिळायला हवं. अशी बातमी येईल त्या दिवशी मथळ्यात ‘क्वांटम’ खऱ्या अर्थाने लिहावं लागेल. तोवर आपण तो शब्द रस्त्यांना, निकालांना, शेअर बाजाराला वाटून संपवलेला असू नये.

विज्ञानाचं पान ज्यांच्याकडे आहे त्या तुमच्या सहकाऱ्यांना आमच्यासारख्या शिक्षकांची मदत हवी असेल तर ती फुकट आहे आणि केव्हाही आहे. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांचे तेवढे दिवस सोडून एखाद्या वार्ताहराला सोडियमचा दिवा पाहायला पाठवा. आणि आणखी एक, हे जाहिरात विभागासाठी : मुठीत दांडी धरून सर्व रोगांचं निदान करणाऱ्या शिबिराची जाहिरात जिल्हा आवृत्तीकडे आली, तर छापण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकेक फोन करा. तो मजकूर सोमवारी आला आणि शिबिर गुरुवारी असलं, तरी दोन फोनांना पुरेसा वेळ असतो.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका